सासूबाईंचं हवाई अंतर

बायको आंघोळीला गेल्याची खात्री करून मोजणीसाहेबांनी वर्तमानपत्राचं तिसरं पान काढलं आणि चपलांच्या कपाटात तळाशी अंथरलं. पानावर जाहिरात होती. सासूबाईंच्या गावाहून थेट विमान, आठवड्यातून एकदा. सकाळी येणार, संध्याकाळी परत. प्रवास पाऊण तासाचा.

साहेब भूमापन खात्यात होते. अंतर म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दोन्ही गावं सरळ रेषेत तशी जवळच, पण मधे डोंगर आडवे. त्यामुळे रस्त्याने अकरा तास, आणि सासूबाईंची कंबर तीन तासांपुढे टिकत नसे. लग्न ठरवतानाच साहेबांनी डोंगर बघून होकार दिला, असं त्यांचे मित्र म्हणत.

जावई म्हणून मात्र लाखात एक. दर रविवारी फोनवर स्वतःहून आग्रह करायचे, "आई, या की महिनाभर. घर तुमचंच आहे." पलीकडून कंबरेची सबब यायची, साहेब मनापासून हळहळायचे, आणि दोन्ही घरांत सुख नांदायचं.

बायकोला कुठून कुणकुण लागलीच तर तयारी असावी, म्हणून त्यांनी एकदा जेवताना सहज सांगून टाकलं, की असली छोटी विमानं म्हणजे उडते खटारे. निघाली तर निघाली, पोचली तर पोचली. बायको "अगबाई" म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं. विषय संपला.

पुढे तिने दर बुधवारी पोहायला जायला सुरुवात केली, तेव्हा तर ते निर्धास्तच झाले. मन रमवायला माणसाला काहीतरी हवंच. घरी यायची ती कशी टवटवीत. टॉवेल कोरडा असायचा, पण नवशिके काठावरच जास्त बसतात, एवढं साहेबांना कळत होतं.

घोळ केला एका स्वेटरने. एका संध्याकाळी बायको खिडकीशी बसून आईच्या करड्या स्वेटरला बटण लावत होती. तांबडं बटण.

"दुसरं मिळालं नाही," ती म्हणाली, आणि स्वेटर गालाशी धरून बसून राहिली.

बिचारीने माहेरची एवढीशी आठवण इतकी वर्षं जपली, हे पाहून साहेबांना स्वतःचाच राग आला. डोंगर बरे, ते निदान जन्मतःच आडवे होते. आपण जाणूनबुजून आडवे पडलो, तेही पाऊण तासासाठी.

बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायको पोहायला गेली होती. तिला थक्क करायचं ठरवून ते विमानतळावर गेले आणि सासूबाईंचं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलं. परतीचं कधीचं, असं खिडकीवरच्या मुलीने दोनदा विचारलं.

"परतीचं नको," साहेब म्हणाले. "राहू देत त्यांना हवं तितकं."

इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या आनंदात चहा घ्यावा म्हणून ते उपाहारगृहात शिरले.

खांबापलीकडच्या टेबलावर एक कोरडा टॉवेल होता. टॉवेलच्या एका बाजूला बायको बसली होती, दुसऱ्या बाजूला तांबड्या बटणाचा करडा स्वेटर घालून सासूबाई.

"हळू बोल गं," सासूबाई लेकीला दटावत होत्या, "जावईबापूंना पत्ता लागायला नको. मी अकरा तास लांब आहे म्हणून तर बिचारे इतक्या प्रेमाने बोलावतात."