पांढरा साका

परीक्षानळीत काहीच घडले नाही.

सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, मागे काळा फळा येईल असा हात फिरवला आणि पुन्हा पाहिले. सात क्रमांकाच्या बाटलीतले द्रावण, त्यावर विरल सल्फ्युरिक आम्लाचे दहा थेंब. एव्हाना दुधासारखा दाट पांढरा साका उतरायला हवा होता. नळी मात्र निवळशंख होती. तिच्यातून फळ्यावरचे सकाळचे वाक्य उलटे, फुगीर दिसत होते : अज्ञात द्रावण ओळखा.

टेबलावरच्या फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "सर, आहात ना? पोट धुवायची तयारी झालीये, पण ही पोरगी दात आवळून बसलीये. पाणीच प्यायले म्हणते. तुमच्या यादीत सातसमोर बेरियम क्लोराइड आहे. ते विष आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिच्या पोटात नक्की काय गेलंय, तेवढं सांगा."

"दोन मिनिटं," सर म्हणाले.

पंचवीस मिनिटांपूर्वी ती पोरगी याच टेबलापाशी उभी होती. तिसऱ्यांदा आली होती. "सर, साका येत नाही." सरांनी तिसऱ्यांदाही मान वर केली नव्हती. "सगळ्यांना येतो आणि तुलाच बरा येत नाही! डोळे घरी विसरून आलीस का?" वर्ग खदखदून हसला. हसणे ओसरेपर्यंत ती थांबली. मग "हे पाणी आहे, सर," म्हणाली आणि हातातले सातच्या द्रावणाचे चंचुपात्र तोंडाला लावून तिने ते रिकामे केले.

पण आम्लाच्या बाटलीतच पाणी असेल तर? मग साका न येण्याला काहीच अर्थ नव्हता. फडताळात साठ बाटल्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या छातीवर नाव चिकटवलेले. नावापलीकडे आपल्याला यांच्याविषयी काहीही ठाऊक नाही, हे अकरा वर्षांत प्रथमच त्यांच्या ध्यानात आले.

प्रयोगशाळेचे मामा दाराशी उभे होते. बाटल्या तेच भरत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलांमधून हिंडताना पोरांच्या कानाशी लागून उत्तरेही तेच सांगत. सरांना हे माहीत होते. निकाल चांगला लागे, म्हणून ते त्या वेळी खिडकीबाहेर पाहत.

"मामा, सातमध्ये काय भरलंत?"

"यादीत आहे तेच, सर."

"बरणी दाखवा."

"शेवटचंच होतं त्यात. बरणी धुऊन टाकली." मामांनी नजर उचलली नाही. "बाकीच्या एकोणचाळीस पोरांना आलाय की साका. ती काय सगळी आंधळी आहेत?"

सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला. पांढरा साका. दाट पांढरा साका. दह्यासारखा पांढरा साका. एकाने तर तो हळूहळू तळाशी बसतानाही पाहिला होता. अर्ध्याअधिक पानांवर त्यांचीच लाल खूण उमटली होती.

बेरियम म्हणून टाकले असते, तर कुणी बोट दाखवले नसते. खबरदारी घेतली, एवढेच सगळे म्हणाले असते. पोट धुण्याची नळी तिच्या घशातून उतरली असती, तिचा हट्टीपणा सिद्ध झाला असता, आणि यादी, मामा, एकोणचाळीस पाने व ते स्वतः आपापल्या जागी सुखरूप राहिले असते. पाणी म्हणावे, तर त्या एका शब्दावर एक जीव तोलून धरावा लागणार होता.

तिची पत्रिका सर्वांत खाली होती. अक्षर बारीक, घाईचे.

'बदल नाही. नळी बदलली. बदल नाही. आम्लाची शंका आली, म्हणून ते धुण्याच्या सोड्यावर टाकून पाहिले. जोरात बुडबुडे. आम्ल ठीक आहे. पुन्हा केले. बदल नाही. सिल्व्हर नायट्रेट घातले. किंचित धुरकट. नळाच्या पाण्यात घातले. तितकेच धुरकट.'

शेवटच्या रकान्यात तिने 'पाणी' असे लिहिले होते, ते खोडले होते, आणि खाली पुन्हा 'पाणी' असेच लिहिले होते.

सरांनी तिच्या ओळींवर बोट ठेवले आणि एकेक कृती करत गेले, पहिल्यांदा प्रयोगशाळेत आलेल्या पोरासारखे. सोड्यावर आम्लाने फसफसून फेस धरला. मग दोन नळ्या त्यांनी शेजारी शेजारी धरल्या, एक सात क्रमांकाची, एक नळाच्या पाण्याची. दोन्हींत तेच फिके धुके होते. क्लोराइड असते, तर सातची नळी दाट पांढरी झाली असती; दोहोंत भेद करता येईना.

त्यांनी फोन उचलला, तसे मामा दोन पावले आत आले.

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "दोनच वर्षं राहिलीत माझ्या नोकरीची."

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावरचे भय त्यांना परके वाटले नाही.

"डॉक्टर, पाणी आहे. नळी घालू नका."

"नक्की ना? तुमची यादी बेरियम सांगते. सगळ्या वर्गाने बेरियम लिहिलंय, असं मघाशी तुम्हीच म्हणालात. मग हे तपासलं कुणी?"

सरांनी तिची पत्रिका समोर ओढली.

"मला धरून आम्ही एक्केचाळीस जण आहोत," ते म्हणाले. "त्यांत एकटीनेच तपासलंय. ती तुमच्यासमोर बसली आहे."