नाकमेस्त्री

प्रोपेनवरच्या इंजिनाची तपासणी मेस्त्री नाकानेच करत. साबणाचा फेस लावून गळती शोधणं त्यांना कमीपणाचं वाटे. कारखाना त्यांना कौतुकाने ‘नाकमेस्त्री’ म्हणे. आजही पाइपाशी वाकून त्यांनी सांगितलं, “ठणठणीत! करा चालू.” इंजिन चालवणारी मावशी जागची हलली नाही. “मेस्त्री, गॅसचा वास मारतोय की हो!” “तुमचं नाक सासूसारखं, मावशी. उगाच खोट काढतं.” माणसं हसली, पण हसता हसता एकेकाने नाकाला रुमाल लावला. मावशीने पाइपाच्या सांध्यावर फेस चोपडला. तिथे बुडबुडा उगवला, बाळाच्या गालासारखा फुगत गेला. तिने झटकन टाकी बंद केली. सगळ्यांची नाकं झाकलेली, उघडं फक्त मेस्त्रींचं. तापातून उठल्यापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. हे घरीही कुणाला ठाऊक नव्हतं. “कधीपासून, दादा?” मावशीने हळूच विचारलं. मेस्त्रींनी घाईघाईने नाकाला रुमाल लावला.