रेडिओची आई

गाडी सैनिकी केंद्राच्या फाटकातून आत वळली, तरी बाईंना खरं बोलायला तोंड फुटलं नव्हतं.

शेजारी बसलेला उंट खुशीत होता. ताडमाड उंच, जरा पुढे वाकलेला, म्हणून पलटणीत त्याला उंटच म्हणत. एक पाय आता लाकडी. अंगात नवा शर्ट, बाईंनीच शिवलेला. कापड तुम्हीच काढायचं, असं त्याने वाटेत पुन्हा बजावलं होतं. केंद्राची रीतच तशी होती. स्मारकाच्या नव्या दगडावर कोरलेल्या प्रत्येक नावावर वेगळं कापड टाकायचं, आणि नाव पुकारलं की त्या जवानाच्या आईने पुढे होऊन ते काढायचं.

बाई कुणाचीच आई नव्हत्या.

नवरा ऐन तारुण्यात गेला, मूलबाळ नाही. मग शिवणाचं मशीन हेच घरचं माणूस. शाळा, दवाखाना, अनाथाश्रम, जिथे गणवेश लागेल तिथे टेप घेऊन जायचं, मापं घ्यायची आणि कपड्यांचा ढीग पाडायचा. अशा बाईच्या दारात एक दिवस हा माणूस येऊन उभा राहिला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी रेडिओबरोबर होतो, आई, एवढं म्हणाला आणि उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडला.

घर चुकलंय, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रडत्या माणसाला दारातून हाकलायचं कसं? आधी पाणी दिलं. पाण्यामागून जेवण आलं. आणि जेवता जेवता तो सांगत गेला.

रेडिओ हा त्याचा जिवाभावाचा दोस्त. तोंड मिटायचं नाही, म्हणून ते नाव. लढाई चालू असताना वरून बर्फाचा कडा कोसळला आणि उंटाचा पाय चेपला. रेडिओने त्याला पाठंगुळीला मारलं आणि रात्रभर चालत राहिला. पाठीवरच्याने झोपू नये म्हणून सारखी बडबड, आणि तीही एकाच विषयावर, त्याच्या आईच्या. ती गल्लीतल्या शेवटच्या घरात राहते. दिवसभर मशीन चालवते. रागावते तीसुद्धा ओठांत टाचण्या धरून. पहाटे त्याने उंटाला चौकीच्या दारात उतरवलं, स्वतः भिंतीला टेकून बसला, आणि गप्प झाला तो कायमचाच.

बाईंना वाटलं, उलगडा झाला. मागच्या गल्लीच्या टोकाला एक शिवणवाली राहायची. एकुलता मुलगा होता तिला. बिऱ्हाड हलवून ती कधीच निघून गेली होती. आणि टाचण्या काय, सगळ्याच शिवणवाल्या ओठांत धरतात.

पुढच्या रविवारी सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या रविवारी तो दाढी करून आला. मग कसं सांगणार? त्यानंतर कधीतरी म्हणाला, काल रात्री झोप लागली. सरकारी डॉक्टरांनी हात टेकलेला माणूस, बंद खोलीत बसवायचं नाही त्याला, आणि बाईंच्या खोलीत मशीनच्या आवाजात घोरायला लागला. बस आगारात ब्रेक दुरुस्तीचं काम धरलं, ते टिकलं. रेडिओ लहानपणी कसा होता, असं त्याने विचारलं की बाई म्हणायच्या, तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि तो सांगत बसायचा.

शेजारणीला मात्र सगळं ठाऊक होतं. तिने एकदा सुनावलंच. "दुसरीच्या ताटातलं आईपण जेवतेयस तू. खरी आई समोर उभी राहिली, तर या पोराचं काय होईल?"

बाईंनाही तीच धास्ती होती. आत्ता कुठे मेलेल्या दोस्ताच्या नावाने चार घास घशाखाली उतरायला लागले होते त्याच्या. ते पुन्हा अडकले, तर माणूस हातचा जायचा.

दगडासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. एकेक नाव पुकारलं जात होतं. एक आई नातवाचा हात धरून गेली. एकीला दोघांनी धरून न्यावं लागलं. मग रेडिओचं खरं नाव पुकारलं गेलं. बाई मान वळवून रांगांमध्ये पाहत राहिल्या. आता उठेल ती, आता उठेल. कुणी उठलं नाही.

"आई, उठा. तुमचंच आहे," उंट म्हणाला.

हे कापड आपल्या हाताने काढलं तर मेलेल्याची फसवणूक, नाही काढलं तर जित्याचा घात. बाई उठल्या नाहीत.

"मी त्याची आई नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला मी कधी पाहिलंही नाही. तू त्या दिवशी चुकीच्या घरी आलास, आणि मला सांगवलं नाही."

उंट नव्या शर्टाची बटणं चाचपू लागला.

तेवढ्यात त्यांच्या लगेच मागच्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. बाईंनी ओळखलं. अनाथाश्रमाचे जुने व्यवस्थापक. यांच्याकडेच तर वर्षानुवर्षं गणवेश दिले होते.

"घर बरोबर होतं," ते उंटाला म्हणाले. "तान्हा असताना आमच्या पायरीवर सापडला तो. आई कुठली त्याला? आश्रमात कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. पळून गेला की आम्ही थेट यांच्या गल्लीत जायचो. यांच्या खिडकीखाली बसलेला असायचा."

मग ते बाईंकडे वळले.

"तुम्ही मापं घ्यायला यायचात ना, त्या दिवशी तो रांगेत दोनदा उभा राहायचा."