तीन बंदुका, एक परात

कोंडीरामनं तिन्ही बंदुका चाळीच्या गॅलरीत पोत्यावर मांडल्या आणि कपाळाला हात लावला.

तिन्ही छऱ्याच्या. एका लांबीच्या, एकाच काळ्या रंगाच्या. रंग त्यानंच दिला होता. सरळ मारणारी बंदूक कुठली, हे लालबागच्या पोरांनी गेल्या गणपतीत दस्त्यावरच्या चिरेवरून हेरलं होतं. त्याच्या फुगे फोडायच्या फळीपुढं तिच्यासाठीच रांग लागायची. म्हणून त्यानं चिरा बुजवल्या, जुनं पॉलिश खरवडलं, वर रंगाचे दोन हात मारले. आता त्याची त्यालाच ओळखू येईनात.

सकाळीच मंडळाचा चिटणीस सांगून गेला होता. "यंदा दोनच बंदुका लावा. त्याही हळू वाजणाऱ्या. जानेवारीतल्या पोलिसांच्या गोळीबारापासून बायका दार आपटलं तरी दचकतात."

म्हणजे दोन ठेवायच्या आणि त्यांच्या स्प्रिंगा आखूड करून घ्यायच्या. तिसरी शेजारच्या लवूला द्यायची आणि बदल्यात त्याची गॅसबत्ती घ्यायची. लवू गिरणीत फिटर. गणपतीला गावी निघाला होता आणि तिथं माकडं माडाला नारळ ठेवत नव्हती.

"कोंड्या, माका सरळ मारणारी व्हयी," लवू बत्ती मांडीवर घेऊन बसला होता. "तुझी वाकडी बघून माकडा हसतली."

"सरळ देणार नाही. ती मला लोकांपुढं फुगा फोडून दाखवायला लागते."

"मगे वाकडी खयची ता तरी सांग."

"ते कळलं असतं तर असा डोकं धरून बसलो असतो का?"

वाकड्या दोन होत्या. एक डावीकडं मारायची, एक उजवीकडं. नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी कोंडीरामनंच केसभर सरकवली होती. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हतं, आणि आता तर वर रंग. उजवीकडची सगळ्यात गुणाची. तरणी पोरं चुकायची, चिडायची, पुन्हा छरे मागायची. दिवाळीपर्यंत घरातली चूल तिच्यावरच पेटायची. ती जाऊन चालणार नव्हतं.

त्यानं गॅलरीच्या टोकाला, भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या खाली, एक लाल फुगा खिळ्याला टांगला होता. पहिली बंदूक उचलून त्यानं नळी खाली मोडून उघडली, छरा घातला, चाप ओढला. फट्! फुगा तसाच. छरा कुठं गेला ते दिसलंच नाही. पण पलीकडच्या खोलीतून राधाबाई ओरडली, "सुरू झाला गं पुन्हा! पोरांना आत घ्या!" धडाधड चार दारं लागली.

"राधाबाई, मी आहे! कोंडीराम!"

"मग तर आणखीन आत घ्या!"

पुन्हा चाप ओढायची सोय राहिली नाही. त्यानं बंदुका हातात तोलल्या, एक डोळा मिटून नळ्यांतून पाहिलं, वास घेतला. लवू मान हलवत राहिला. "बायकोक विचार," तो म्हणाला.

"तिला काय कळतंय? ती फुगे बांधते."

आत जाईबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तिन्हींच्या नळ्या मोडा बघू. एकेक करून, आवाज ऐकू दे."

कोंडीरामनं वैतागून हाताला आली ती मोडली. कट्ट.

"ही सरळ."

दुसरी मोडली.

"ही डावीकडची."

तिसरीची नळी मोडल्याबरोबर जाईबाईचा हात मांडीवरच्या परातीवर गेला. तांदूळ सांडले. परात तिनं छातीशी धरली होती. मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि तिनं ती खाली ठेवली.

"ही उजवीकडची," ती म्हणाली.

फळीच्या उजव्या अंगाला तिची जागा. फुगा फुटला की पुढं होऊन नवा बांधायचा आणि परत तिथंच उभं राहायचं.

लवूनं उंबऱ्यातून आत वाकून परात उचलली आणि उजेडाकडं धरली. पितळेला मुगाएवढे खळगे पडले होते. बरेच होते.

"ही हातातून पडली म्हणाली होतीस तू मला," कोंडीराम म्हणाला.

"म्हणाले खरं."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर सरळ केली असतीत?"

कोंडीरामनं मान खाजवली. "मग... डाव्या अंगाला उभी राहत जा की."

"तिकडं दुसरीचा छरा येतो."

लवू फिस्सकन हसला आणि हातातल्या परातीकडं बघू लागला.

जाईबाई उठली. बाहेर येऊन तिनं तिसरी बंदूक उचलली. रोज पाहिलेलं काम तिला येत होतं. छरा घालून तिनं नळी खटकन मिटवली. लवूच्या हातातली परात काढून नवऱ्याच्या हातात दिली.

"जा. फुग्याच्या उजवीकडं उभे राहा."

"वेडी आहेस का? राधाबाई पुन्हा बोंबलेल."

"बोंबलू दे. मी नेम फुग्यावरच धरणार आहे."

कोंडीराम लवूकडं बघत हसला. लवू हसला नाही. मग कोंडीराम गेला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि परात छातीशी धरली. जाईबाईनं दस्ता खांद्याला लावला. एक डोळा मिटला. नळीचं टोक खरंच फुग्यावर होतं, जराही इकडं तिकडं नव्हतं.

परात हळूहळू वर सरकली. हनुवटीपर्यंत, नाकापर्यंत. मग डोळेही दिसेनासे झाले.

"लव्या," परातीमागून आवाज आला, "तुझी पक्कड आण."