कुलपातला रॅम्प

गाडी सुटायला बराच अवकाश होता. कोडोलीच्या अक्षतानं डब्याच्या दारापाशी व्हीलचेअरचा ब्रेक लावला, तसे चार हमाल धावत आले. त्यातले म्हातारे कृष्णातमामा म्हणाले, "चल पोरी, उचलतो. दर बारीला उचलतोयच की."

"आज न्हाय, मामा. रॅम्प आणा."

"रॅम्प कुलपात असतोय. मोठा सायेब येणार असला की भाईर काढत्यात."

"मग समजा, सायेबच आलाय."

"अगं, रॅम्प येईस्तोवर गाडी चुकंल तुझी!" खिडकीतनं एक बाई ओरडली.

"चुकू दे. मी हितनं हलायची न्हाय."

मामांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि चावी आणायला गेले. रॅम्प आला. त्यावर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू अजून तसंच होतं. चाकाचा ओरखडा मात्र एकही नव्हता. अक्षतानं दोन्ही चाकांना जोर दिला, एकटीनं वर चढली, डब्यात वळली आणि तशीच खाली उतरून आली.

"आता गं काय झालं?" मामा चक्रावले.

"काय न्हाय. मला आज कुठंच जायचं न्हाय. रविवारी लगीन लावून ह्याच गाडीनं सासरी निघणाराय. हिरवा चुडा भरून चौघा बाप्यांच्या हातावर चढायचं न्हाय मला." तिनं खुर्ची घराच्या वाटेला वळवली. "त्या दिवशी कुलूप आधीच काढून ठेवा, मामा."