पंधरा नंबरचा मुलगा

"चूक माझीच आहे, रामहरी." वसंत सरांनी पिवळा पडलेला कागद खाटेवर ठेवला आणि चष्मा काढला. "अडतीस वर्षांनी कळली, एवढंच."

रामहरीने कागदाला हात लावला नाही. "आधी चा घ्या सर. बारामतीवरनं एवढ्या उन्हात आलाय."

अंथुर्णे गावातल्या या ओसरीवर सर पूर्वी एकदाच आले होते. तेव्हा ते मानसशास्त्राचे नवेकोरे प्राध्यापक होते आणि पीएचडीसाठी त्यांना शाळेतली मुलं हवी होती. साठ प्रश्नांवर खुणा करायच्या, शेवटी पाच अपुरी वाक्यं पूर्ण करायची. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. रामहरी चौदा, त्याचा जुळा भाऊ माऊली पंधरा.

त्याच सुमारास वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा मामा एका भाच्याला शिकायला न्यायला तयार झाला. कोणाला पाठवायचं, हे मुलांच्या वडिलांनी, तात्यांनी, सरांनाच विचारलं. सरांनी बेरजा केल्या आणि छातीठोक सांगितलं, पंधरा नंबर धाडसी, बाहेर रमणारा. चौदा घरकोंबडा, त्याला उसातच ठेवा.

माऊली गेला, इंजिनियर झाला. रामहरी राहिला. एका आईचे, एका ताटात जेवलेले, तरी दोन वाटांनी गेलेले भाऊ. माणसाचा स्वभाव बाराव्या वर्षापर्यंत ठरून जातो, याला यापेक्षा झकास पुरावा कुठे मिळणार होता? सरांनी तो तीस वर्षं वर्गावर्गातून मिरवला. परिस्थितीच माणूस घडवते म्हणणाऱ्या सहकाऱ्यांची तोंडं बंद केली. चहाच्या सुट्टीतला त्यांचा तोरा बघण्यासारखा असे.

परवा माळा आवरताना जुना गठ्ठा हाताशी आला. गुण फक्त खुणांना होते. वाक्यं सवडीने वाचू म्हणून ठेवली ती राहिलीच. माणसांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने मुलांनी लिहिलेलं तेवढं वाचलं नव्हतं. पंधरा नंबरच्या कागदावर गोल अक्षरात होतं, 'माझा भाऊ माऊली झोपेत बैलांशी बोलतो.'

"म्हणजे हा कागद तुझा," सर म्हणाले. "माझ्या हातून नंबरांची अदलाबदल झाली. जायला हवं होतं तू. तुझं आयुष्य मी उचलून दुसऱ्याला देऊन टाकलं रे."

रामहरी बशीतला चहा फुंकत राहिला.

"माऊली कसा आहे?"

"पुण्यात हाय. तीन कंपन्या झाल्या. बीपीची गोळी सुरू हाय." रामहरी जरासा हसला. "गॅलरीत पिंपात ऊस लावलाय त्यानं."

सरही कसनुसे हसले. "त्यालाही सांगायला हवं. तो तुझ्या जागेवर बसलाय, हे त्याला कळायला हवं."

"त्याला नका सांगू सर."

सरांना भरून आलं. भावाचं मन दुखू नये म्हणून हा माणूस एवढं पोटात घालायला निघाला होता! आणि याला आपण एका शब्दात निकालात काढलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी रामहरीचे रापलेले हात धरले. "रागव तरी माझ्यावर. चार शिव्या दे. मला बरं वाटेल."

रामहरीने हळूच हात सोडवून घेतले.

"तुमचं कायबी चुकलं न्हाय सर," तो म्हणाला. "तात्या तुमाला इचारत हुते, ते मी दाराआडनं ऐकलं. हुशार मीच हुतो, म्हंजे मलाच धाडनार. आन मला आयला सोडून कुठंच जायाचं न्हवतं. कागदांचा गठ्ठा शाळंतनं तुमच्याकडं मीच आनून दिला. वाटंत बसून आमच्या दोघांचं आकडं पुसलं आन बदलून लिवलं. माऊली जाताना बैलाच्या गळ्यात पडून रडला, तरी मी गप ऱ्हायलो. अजून फोनवर इचारतो मला, 'रामा, सरांनी माझ्यात असं काय बघितलं हुतं रं? एवढी वर्सं हुडकतोय, मला तर ते कुठंच घावलं न्हाय.'"