मालक-चालक

"गाडीचं सगळं नुकसान भरून मिळेल, वहिनी. फुल पॉलिसी आहे," विमा एजंट सबनीस कागद उलटत म्हणाले.

"आणि शार्दूलचं?" ऋजुताने विचारलं. मांडीवरची लेक उठू नये म्हणून ती हळू बोलत होती. घाटातल्या अपघातात नवरा गेल्यापासून घरात सगळेच हळू बोलत होते.

सबनीस घुटमळले. "मालक-चालकाचा अपघाती विमा असतो खरा. पण अट अशी, की गाडी ज्याच्या नावावर, तोच चालवत असला पाहिजे. गाडी तुमच्या नावावर. चालवत होते साहेब."

शोरूममध्ये किल्ली तिच्या हातात ठेवून शार्दूल सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मालकीणबाई, आम्ही आपले बिनपगारी ड्रायव्हर!" ती लाजून हसली होती. लायसन्स होतं तिच्याकडे, पण स्टिअरिंग धरलं की हातांना घाम फुटायचा.

"म्हणजे मी चालवत असते आणि मी गेले असते, तर?"

"तर पैसे मिळाले असते. साहेबांना." सबनीसांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मी साहेबांना तेव्हाच म्हटलं होतं, चालवणार तुम्ही, तर गाडी तुमच्याच नावावर घ्या. ऐकलं नाही. म्हणाले, 'स्वतःची गाडी म्हटली, की भीती जाईल तिची. बघाच तुम्ही, एक दिवस मलाच शेजारी बसवून फिरवून आणेल.'"